बोट कुठं ठेवायचं

वडगावच्या आमच्या मराठी शाळेत
बारा टॅब आले, पोरं छत्तीस.
एकाला तिघं: दोघं बघणार, एक दाबणार,
भांडण मात्र तिघांचंही.

पडद्यावर सहा गोळे.
मधोमध एक चेहरा, केस नसलेला,
तो रडतो, हसतो, डोळे वटारतो
आणि कन्नडमधून विचारतो:
मला काय वाटतंय? रंग निवड.
मराठीचं बटण आहे, पण दाबलं की
'लवकरच येत आहे' असं इंग्रजीत येतं.

पोरांना त्याचं काही नाही.
केंपु म्हणजे तांबडा, हसिरु म्हणजे हिरवा,
हे ती गल्लीत, दुकानात, क्रिकेटच्या भांडणात शिकलेली.
आणि हळदी तर हळदीच.
या एका रंगाला भाषांतर लागत नाही,
दोन्हीकडच्या नवरीला तो सारखाच लागतो.

घोटाळा निळ्यावर झाला.
चेहरा रडला, मशीनला निळा हवा होता.
भैरूनं हात वर केला.
"निळी तर माझी नवी सायकल हाय की, बाई."
मी माझी पुस्तिका उघडली. तीत लिहिलं होतं:
निळा, दुःख. त्याखाली काही नाही.
टुंग वाजलं. भैरूच्या नावावर शून्य आलं
आणि सायकल जराशी जुनी झाली.

मग चेहरा हसला.
शिवलीलानं तांबडा दाबला.
तिच्याकडं तांबडं म्हणजे मामा,
खानापूरच्या कौलांच्या भट्टीवरून येतो तेव्हा
टाचांपासून भुवयांपर्यंत तांबडा,
खिशात करदंट.
टुंग.

काळा आला तेव्हा मीच घाईनं पुढं सरकले.
फाटकावरच्या पाटीला एकदा कुणीतरी डांबर फासलं होतं,
मी तेव्हा इथंच चौथीत.
रॉकेलनं पुसलं, 'शा' निघाला, 'ळा' राहिला.
त्या दिवशी काय वाटलं होतं
ते एका बोटात मावणारं नाही.
पोरांनी काळ्याला भय म्हटलं, बरोबर आलं, पुढं गेली.

मलप्रभा मात्र दाबतच नव्हती.
सहाही गोळ्यांवरून बोट नुसतं फिरवून आणायची,
बाजारात भाजी बघून पुढं जावं तसं.
तीन आठवडे.
वरून अहवाल आला: विद्यार्थिनी प्रतिसाद देत नाही.
नावापुढं करडा ठिपका.

चौथ्या सोमवारी तिनं दप्तरातून
सुताचा गुंता काढला, मागाखालून झाडून आणलेला,
आणि एकेक धागा काचेवर मांडला.
हा आमसुली. हा पारवा.
ही अबोली, हिला तेलाचा डाग पडलाय.
"आणि ह्यो चिंतामणी."
निळा नाही तो, हिरवाही नाही.
मी विचारलं, यात कसं वाटतं गं?
"नावातच हाय की, बाई. चिंता."

घरी दोन माग. एक विकला.
दुसऱ्यावर चिंतामणी अर्ध्यावर आलेला,
गिऱ्हाईक फोन उचलत नाही,
आणि बाबा त्या रंगाकडं बघत बसतात.
थोडं थांबून म्हणाली,
"मणी पण हाय त्यात. मणी चांगला असतोय."

काचेला धागा कळत नाही, बोट लागतं.
तिनं धाग्यावरनंच दाबलं, पुन्हा दाबलं,
खाली कधी निळा पेटला, कधी हिरवा,
चेहरा रडला, हसला, रडता रडता अडकला.

"तुमचा कुठला, बाई?" भैरूनं विचारलं.
मी म्हटलं, घंटा झाली.
झाली नव्हती.

तेवढ्यात बॅटरी संपली.
काच काळीभोर झाली,
मलप्रभा तिच्यात बघून
कपाळावरची बट मागं सारू लागली,
आणि बाकीचे दोघं ढकलाढकली करत
"सर की जरा, आम्हाला पण दिसूदे."